धाकट्यांचे गुरुजी तुम्हीच

(प्लॅस्टिकचा कचरा ही आज गावोगावची अडचण झाली आहे. ती दूर करायची असेल तर सुरुवात लहान मुलांपासून करावी लागेल. पण लहान मुलांना शिकवणार कोण? प्रस्तुत पाठात परभणी जिल्ह्यातील वालूर गावच्या बारवेची हकिगत सांगून मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांवर एक काम सोपवले आहे. पाठ लक्षपूर्वक वाचा. ते काम आपल्या शाळेत कसे करता येईल, याचा विचार करा.)

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात वालूर नावाचे एक जुने गाव आहे. या गावात एक बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. उर्दूत आपण तिला बावली म्हणतो. पुष्कळशा बारवांच्या पायऱ्या सरळ खाली उतरतात. वालूरच्या या बारवेच्या पायऱ्या मात्र चक्राकार आहेत. गोल गोल फिरत माणूस खाली पाण्यापर्यंत पोहोचतो. ज्या काळात आजच्यासारखी यंत्रे नव्हती, त्या काळातल्या कारागिरांनी हे काम दगडात केले. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांचे काम मात्र डोळ्यांसमोर उभे आहे.

पुढे गावोगावी नळ आले, शेतात बोअर आले. बारवांचे पाणी कोणी भरेनासे झाले. ज्या जागेकडे कोणी लक्ष देत नाही, तिथे कचरा साठतो. महाराष्ट्रातील कितीतरी बारवा अशा गाळाने आणि कचऱ्याने भरून गेल्या. वालूरचीही हीच कथा होती. मग सन २०२१-२२ च्या सुमारास गावकऱ्यांनी मनावर घेतले. लोकांच्या सहभागातून बारवेची सफाई झाली. गाळ निघाला, कचरा निघाला आणि दडलेल्या पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या. आता बाहेरगावची माणसेही ही बारव मुद्दाम पाहायला येतात.

मुलांनो, इथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. साफ केलेली विहीर पुन्हा भरणार नाही, याची हमी कोण देणार? बारवेत कोणी जाणूनबुजून कचरा टाकील असे नाही. पण गल्लीत फेकलेले पाकीट वाऱ्याने उडते. नालीत पडलेली पिशवी पावसाच्या पाण्याबरोबर वाहते. विहीर खोल असते. जे उडून येते, वाहून येते, ते तिच्या पोटात जाऊन बसते. तळाशी पिशव्यांचे थर साचले की झरे दबतात. पाणी मुरायला वाट राहत नाही. मराठवाड्यात पाण्याची किंमत काय आहे, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात एक विहीर बुजणे ही लहान गोष्ट नव्हे.

प्लॅस्टिक मित्र की शत्रू?

प्लॅस्टिक ही काही फार जुनी वस्तू नाही. १९०७ साली लिओ बेकलंड या शास्त्रज्ञाने ‘बेकेलाइट’ नावाचे प्लॅस्टिक तयार केले. ज्या पॉलिथीनपासून पातळ पिशव्या होतात, त्याचा शोध इंग्लंडमध्ये १९३३ साली लागला. म्हणजे आपल्या आजीच्या आजीने अशी पिशवी पाहिलीसुद्धा नसेल. ती बाजारात जाताना सुती पिशवी नेत असे. तेलासाठी बरणी असे. दुकानदार साखर कागदाच्या पुड्यात बांधून देई. जेवणावळीला पळसाच्या पानांच्या पत्रावळी असत. जेवण झाले की पत्रावळी उकिरड्यावर जात आणि त्यांचे खत होई.

मग प्लॅस्टिक वाईटच आहे काय? तसे म्हणता येणार नाही. दवाखान्यात रक्त साठवण्याची पिशवी प्लॅस्टिकची असते. इंजेक्शनची सिरिंज प्लॅस्टिकची असते. शेतातल्या ठिबक सिंचनाच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतात आणि त्या पाणी वाचवतात. पावसाळ्यात गरिबाच्या छपरावरची ताडपत्री तीच असते. या वस्तू हलक्या असतात, स्वस्त असतात आणि वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.

खरी अडचण निराळीच आहे. जी वस्तू शेकडो वर्षे टिकते, ती आपण पाच मिनिटांसाठी वापरतो. दुकानापासून घरापर्यंत पिशवी आणली की तिचे काम संपते. पाकिटातला खाऊ संपला की पाकीट जमिनीवर पडते. खाऊ पोटात जातो, पाकीट मात्र जगात राहते.

एका पाकिटाचा प्रवास

समजा, वालूरच्या एखाद्या मुलाने शाळेबाहेर एक पाकीट टाकले. ते कुठवर जाईल? पाऊस आला की ते नालीतून ओढ्यात जाईल. या भागातील पाणी दुधना नदीला मिळते. दुधना पूर्णेला मिळते. पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. ज्या मुलाने समुद्र कधी पाहिला नाही, त्याने टाकलेला कचरा समुद्रापर्यंत पोहोचू शकतो.

या प्रवासात उन्हाने आणि घासण्याने प्लॅस्टिकचे तुकडे होत जातात. पण तुकडे होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. ते मातीत मिसळतात, पाण्यात मिसळतात, माशांच्या पोटात जातात. माणसाच्या रक्तातही असे कण शास्त्रज्ञांना सापडले आहेत.

सगळीच पाकिटे समुद्राला जात नाहीत. काही वाटेतच अडकतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस झाल्यावर पूर येणारच. पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गटारे तुंबल्यामुळे पाण्याला वाट मिळाली नाही आणि संकट वाढले. बांगलादेशातही १९८८ आणि १९९८ च्या महापुरांच्या वेळी हाच अनुभव आला होता. म्हणून २००२ साली त्या देशाने पातळ पॉलिथीनच्या पिशव्यांवर बंदी घातली. संपूर्ण देशात अशी बंदी घालणारा तो जगातील पहिला देश ठरला.

आणखी काही पिशव्या जनावरांच्या पोटात जातात. आपण उरलेली भाजी, भाकरीचे तुकडे पिशवीत बांधून फेकतो. गाय किंवा बकरी गाठ सोडू शकत नाही. ती पिशवीसकट खाते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात प्लॅस्टिक पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. त्याचा गोळा वाढत जातो. जनावराचे पोट भरलेले दिसते, पण ते उपाशी मरते. गाईंच्या पोटातून शस्त्रक्रिया करून कित्येक किलो प्लॅस्टिक काढल्याची उदाहरणे पशुवैद्यांना ठाऊक आहेत.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या पिशव्या, ताटे, पेले आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार रुपये दंड आणि तिसऱ्या गुन्ह्याला पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास अशी शिक्षा ठरली. पुढे केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे चमचे, स्ट्रॉ, पेले, फुग्यांच्या आणि आइस्क्रीमच्या काड्या अशा एकदा वापरून फेकण्याच्या वस्तूंवर देशभर बंदी आणली.

कायदा केवळ दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला बांधत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी पाकिटे बनवणाऱ्या आणि त्यांत माल भरून विकणाऱ्या कंपन्यांवरही कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. तेव्हा सगळा दोष एखाद्या मुलावर लादणे योग्य नाही. मात्र कायदा पुस्तकात असतो आणि पाकीट हातात असते. ते हातातून कुठे पडावे, हे कायदा दर वेळी येऊन सांगत नाही. ते सवयीनेच ठरते.

धाकट्यांना कसे शिकवाल?

सवय लहानपणी लागते. म्हणून आठवीच्या मुलाला सांगण्यापेक्षा पहिलीच्या मुलाला सांगणे अधिक उपयोगाचे आहे. परंतु पहिली-दुसरीची मुले मोठ्यांची भाषणे ऐकत नाहीत. ती आपल्या भाईजानकडे, आपाकडे पाहतात. भाईजानने पाकीट कुठे टाकले, हे ती बरोबर टिपतात. म्हणूनच धाकट्यांचे खरे गुरुजी तुम्ही आहात. हे काम पुढील चार पायऱ्यांनी करता येईल.

पहिली पायरी मोजण्याची. एक आठवडाभर धाकट्या मुलांनी खाल्लेल्या खाऊची रिकामी पाकिटे एका पोत्यात जमवा. शनिवारी ती त्यांच्याकडूनच मोजून घ्या. मग फळ्यावर हिशेब मांडा. शाळेत २०० मुले असतील आणि प्रत्येकाने रोज एकच पाकीट टाकले, तर शाळेच्या २२० दिवसांत ४४,००० पाकिटे होतात. एक पाकीट १५ सेंटिमीटर लांब धरले आणि ती एकापुढे एक मांडली, तर साडेसहा किलोमीटरहून थोडी लांब रांग लागेल. लहान मुलांना मोठे आकडे समजत नाहीत. त्यांना सांगा, “आपल्या शाळेपासून अमक्या गावापर्यंत रांग जाईल.” मग त्यांचे डोळे आपोआप मोठे होतील.

दुसरी पायरी पुरण्याची. पावसाळ्याच्या सुरुवातीला शाळेच्या आवारात वीतभर खोल चार खड्डे करा. एकात केळीची साल, दुसऱ्यात वर्तमानपत्राचा तुकडा, तिसऱ्यात सुती चिंधी आणि चौथ्यात खाऊचे पाकीट पुरा. प्रत्येक खड्ड्याजवळ काडी रोवून चिठ्ठी लावा. दोन महिन्यांनी धाकट्यांच्या हातानेच खड्डे उघडा. साल मातीत मिसळून गेलेली असेल. कागदाचा भुगा झालेला असेल. चिंधी विरू लागलेली असेल. पाकिटावरची अक्षरे मात्र जशीच्या तशी वाचता येतील. हा धडा मुलाने डोळ्यांनी पाहिला की तो विसरत नाही.

तिसरी पायरी वेगळे करण्याची. सर्व प्लॅस्टिक सारखे नसते. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मोडक्या बादल्या भंगारवाला विकत घेतो, कारण ते वितळवून नवी वस्तू करता येते. चकाकणारी खाऊची पाकिटे मात्र तो घेत नाही. त्यांत निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणे कठीण असते. म्हणजे जे पाकीट मुलांना सर्वांत जास्त आवडते, त्याचीच वाट लावणे सर्वांत अवघड आहे. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी असे टाकाऊ प्लॅस्टिक डांबरात मिसळून रस्ते बनवण्याची रीत शोधली. त्यासाठी त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. तरीही प्रत्येक पाकीट रस्त्याच्या कामापर्यंत पोहोचत नाही.

कचरा वेगळा करताना धाकट्यांना आणखी एक गोष्ट शिकवा. कचरा वेचणाऱ्या माणसाला नावे ठेवू नयेत. १९९३ साली पुण्यातील कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली. आमचे काम हे घाण नसून समाजाची सेवा आहे, हे त्यांनी लोकांना पटवून दिले. जो आपला कचरा उचलतो, त्याच्याशी अदबीने बोलावे.

चौथी पायरी “नको” म्हणण्याची. ही सर्वांत महत्त्वाची. कचरा उचलण्यापेक्षा तो होऊ न देणे चांगले. दुकानात जाताना खिशात कापडी पिशवी ठेवावी. जुन्या सलवारीच्या, ओढणीच्या किंवा सदऱ्याच्या कापडाची पिशवी अम्मी किंवा दादी घरीच शिवून देतील. आपला परभणी जिल्हा कापसाचा आहे. कापसाच्या मुलखात सामान आणायला प्लॅस्टिकची पिशवी लागावी, हे काही शोभत नाही. डब्यात भुईमुगाच्या शेंगा, फुटाणे, गूळ-पोळी न्यावी. पाकीट कमी लागेल आणि पैसेही वाचतील.

शिकवताना रागावू नका. प्रश्न विचारा. पुढील संवाद वाचा.

“आपा, हे पाकीट कुठे टाकू?”

“तूच सांग. इथे टाकलेस तर कुठे जाईल?”

“वारा नेईल.”

“कुठवर?”

“नालीपर्यंत.”

“आणि वाटेत आपल्या बकरीने खाल्ले तर?”

धाकटा गप्प झाला. बकरीवर त्याचा फार जीव होता. थोडा वेळ विचार करून त्याने पाकिटाची घडी केली आणि ते खिशात ठेवले.

“घरी गेल्यावर डब्यात टाकतो,” तो म्हणाला.

इथे आपाने काहीच शिकवले नाही, असे वाटते. पण तिने सगळेच शिकवले.

दोन गोष्टींची मात्र खबरदारी घ्या. गोळा केलेले प्लॅस्टिक जाळू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि लहान मुलांच्या छातीला तो लवकर बाधतो. तसेच धाकट्यांना उकिरड्यावर कचरा वेचायला पाठवू नका. तिथे काचा असतात, सुया असतात. त्यांनी फक्त आपल्या हातातले पाकीट सांभाळायचे आहे.

मुलांनो, वालूरची बारव मोठ्या माणसांनी साफ केली. त्यासाठी घाम गाळावा लागला. ती साफ राहावी यासाठी घाम गाळावा लागत नाही. हातातले पाकीट खिशात ठेवावे लागते, एवढेच. आज पहिलीत असलेली मुले वीस वर्षांनी गावाची कारभारी होतील. ती कशी वागतील, हे आज मधल्या सुट्टीत त्यांना तुमच्याकडे पाहून समजत आहे. तेव्हा उद्या मधल्या सुट्टीत आधी स्वतःचा हात पाहा, मग धाकट्याचा हात धरा.

शब्दार्थ

बारव – पायऱ्यांची विहीर, बावली
गाळ – पाण्याखाली साचलेला चिखल
हमी – खात्री, जामीन
ठिबक सिंचन – झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी देण्याची पद्धत
रवंथ करणे – गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून चावणे, जुगाली
अधिसूचना – सरकारने प्रसिद्ध केलेला हुकूम
वीत – अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर, बालिश्त
चिंधी – कापडाचा फाटका तुकडा
उकिरडा – कचरा टाकण्याची जागा
कारभारी – कारभार पाहणारा

वाक्प्रचार

मनावर घेणे – निश्चय करणे
जीव असणे – फार प्रेम असणे
नावे ठेवणे – दोष देणे, कमी लेखणे
घाम गाळणे – खूप कष्ट करणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वालूरच्या बारवेच्या पायऱ्या इतर बारवांहून वेगळ्या कशा आहेत?
(आ) पॉलिथीनचा शोध कोणत्या देशात व कोणत्या साली लागला?
(इ) सूक्ष्म प्लॅस्टिक कशाला म्हणतात?
(ई) भंगारवाला खाऊची पाकिटे का घेत नाही?

प्रश्न २. रिकाम्या जागा भरा.
(अ) दुधना नदी ………… नदीला मिळते.
(आ) २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ………… मिलिमीटर पाऊस पडला.
(इ) खाऊ पोटात जातो, पाकीट मात्र ………… राहते.

प्रश्न ३. कोण कोणास म्हणाले?
(अ) “वारा नेईल.”
(आ) “तूच सांग.”

प्रश्न ४. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्लॅस्टिकला सरसकट वाईट का म्हणता येत नाही?
(आ) जनावराने पिशवी खाल्ली तर काय होते?
(इ) ‘इथे आपाने काहीच शिकवले नाही, असे वाटते. पण तिने सगळेच शिकवले.’ या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्रश्न ५. वर दिलेले वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.

प्रश्न ६. भाषा-अभ्यास.
(अ) जमीन, बाजार, दुकान, जबाबदारी, खबरदारी, हकिगत हे शब्द या पाठात आले आहेत. उर्दूतही ते थोड्याफार फरकाने वापरले जातात. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.
(आ) उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत : तो कागद, ती पिशवी, ते पाकीट. उर्दूत ‘पानी’ पुल्लिंगी आहे, मराठीत ‘पाणी’ नपुंसकलिंगी आहे. पुढील शब्दांना तो, ती, ते यांपैकी योग्य सर्वनाम लावा : बारव, खड्डा, गाव, नदी, दगड, जनावर.

उपक्रम : पाठात सांगितलेला चार खड्ड्यांचा प्रयोग पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर करा. दर पंधरा दिवसांनी काय दिसले, ते मराठीत दोन-दोन ओळींत वहीत लिहा. शेवटी ती नोंद धाकट्यांना वाचून दाखवा.